विमानाला पेलेल, घराला सोसेल अशी बॅटरी

रिमोटवर उडणारी विमाने आता परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतूनच येतात असे राहिलेले नाही. हलक्या फोमचे विमान, मोटर, रिसीव्हर, रिमोट हे सगळे ऑनलाइन मागवले की काही दिवसांत दारात येते. शाळकरी मुले, अभियांत्रिकीचे विद्यार्थी, निवृत्तीनंतर जुना छंद नव्याने धरणारे आजोबा असे सगळेच रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर दिसू लागले आहेत. विमान घेताना ही मंडळी चार जाणत्यांना विचारतात, तासन् तास व्हिडिओ पाहतात. बॅटरी मात्र बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल ती घेतली जाते.

खरे तर सगळ्यात जास्त विचार करून घ्यायची वस्तू तीच आहे. मोटर किंवा सर्व्हो बिघडला तर फार तर विमान पडते. बॅटरी बिघडली तर विमान कपाटावर ठेवलेले असतानाही घरात आग लागू शकते. त्यामुळे बॅटरीची निवड हा जसा छंदाचा प्रश्न आहे, तसाच तो घराच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचाही आहे.

पिशवीत बांधलेली ऊर्जा

या विमानांत वापरतात ती लिथियम पॉलिमर बॅटरी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘लिपो’. मोबाइलमधल्या बॅटरीची ती जवळची बहीण. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि या बॅटरीचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या इतक्या जड होत्या की विजेवर विमान उडवणे ही कसरतच होती. त्यांच्या तुलनेत लिपो तेवढ्याच वजनात तिपटीच्या आसपास ऊर्जा साठवते. म्हणूनच इंधनाच्या इंजिनाची जागा विजेच्या मोटरने घेतली.

हलकेपणाची किंमत मात्र मोजावी लागते. टॉर्चच्या सेलला असते तसे धातूचे कडक कवच लिपोला नसते. अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या मऊ पिशवीत तिचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. एका बाजूला ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला लिथियमयुक्त धातूच्या ऑक्साइडचा, मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ पडदा आणि सगळीकडे भिनलेले, पेट घेऊ शकणारे सेंद्रिय द्रावण. तो पडदा फाटला, वितळला किंवा टोचला गेला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता वाढते आणि हे चक्र बाहेरून थांबवणे अवघड होते.

किती ऊर्जा असते ही? शिकाऊ विमानात सर्रास वापरली जाणारी ३ सेलची, २२०० एमएएचची बॅटरी घेतली तर ती सुमारे २४ वॅट-तास, म्हणजे जवळपास ८८ किलोज्यूल. एवढ्या ऊर्जेने १ लिटर पाणी २१ अंशांनी तापेल. आकडा ऐकायला फार मोठा नाही. पण ही ऊर्जा काही सेकंदांत, तळहातावर मावणाऱ्या पुडक्यातून बाहेर पडली आणि आतले द्रावण जळून त्यात भर घातली, तर काय होईल याची कल्पना करता येते.

लेबलवरचे तीन आकडे

बॅटरीच्या लेबलवर तीन गोष्टी ठळक असतात. सेलची संख्या, क्षमता आणि ‘सी’चा आकडा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची उपमा येथे कामी येते. टाकी किती उंचावर आहे हे व्होल्टेज, टाकीत किती लिटर पाणी मावते ही क्षमता आणि खाली येणारा पाइप किती रुंद आहे हा ‘सी’.

लिपोच्या एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.७. पूर्ण चार्ज झाल्यावर ते ४.२ होते. सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेजची बेरीज होते. लेबलवरील ‘३ एस’ म्हणजे तीन सेल, ११.१ व्होल्ट, आणि ‘४ एस’ म्हणजे १४.८ व्होल्ट. क्षमता मिलिअँपिअर-तासांत, म्हणजे दुकानातल्या भाषेत एमएएचमध्ये सांगतात. २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअरचा प्रवाह तासभर. ‘सी’चा आकडा क्षमतेने गुणला की बॅटरी सलग किती प्रवाह देऊ शकते ते कळते. २.२ गुणिले २५ म्हणजे ५५ अँपिअर.

हे तीन आकडे एकमेकांच्या बदल्यात वापरता येत नाहीत. ‘सी’ कमी आहे म्हणून व्होल्टेज वाढवले किंवा वेळ कमी मिळतो म्हणून सेल वाढवला, असे करून चालत नाही. प्रत्येक आकड्याचे उत्तर विमानाकडून वेगळे मागावे लागते.

हिशेब विमानापासून सुरू करावा

समजा, १.२ मीटर पंखांचे, बॅटरीसह १.२ किलो वजनाचे शिकाऊ विमान आहे. अशा विमानाला किलोमागे साधारण २२० वॅट शक्ती पुरते, असा या छंदातला रुळलेला ठोकताळा आहे. संथ ग्लायडरला याच्या निम्म्यावर भागते, तर हवेत उभे राहून कसरती करणाऱ्या विमानाला दीडपट लागते. आपल्या उदाहरणात १.२ गुणिले २२० म्हणजे सुमारे २६४ वॅट. भाराखाली ३ एस बॅटरीचे व्होल्टेज थोडे उतरून साडेदहाच्या आसपास येते. म्हणजे पूर्ण वेगात सुमारे २५ अँपिअर प्रवाह लागेल.

आता बॅटरी तपासायची. २२०० एमएएचची आणि २५ सी लिहिलेली बॅटरी कागदोपत्री ५५ अँपिअर देते. गरज २५ची. म्हणजे दुपटीहून थोडा अधिक राखीव भाग हाताशी राहिला. एवढा राखीव भाग असलाच पाहिजे, कारण ‘सी’चा आकडा ठरवण्याची सर्वांनी पाळावी अशी एकच पद्धत नाही आणि तो फुगवून छापण्याकडे उत्पादकांचा कल असतो. याउलट १००० एमएएचची, २० सीची स्वस्त आणि हलकी बॅटरी याच विमानात घातली तर? ती कागदावरच फक्त २० अँपिअर देणार आणि तिच्याकडे मागणी २५ची. विमान उडेलही. पण प्रत्येक उड्डाणात बॅटरी तिच्या ताकदीबाहेर राबेल, तापेल आणि थोड्याच दिवसांत फुगेल.

मोटरला वेग देणारा कंट्रोलर, म्हणजे ईएससी, यालाही हाच न्याय लागू. २५ अँपिअरच्या कामाला ३० किंवा ४० अँपिअरचा ईएससी घ्यावा. तारा आणि कनेक्टरही त्याच जोगे हवेत. या वर्गातल्या विमानांत पिवळा एक्सटी-६० कनेक्टर पुरेसा असतो. बारीक लाल जेएसटी कनेक्टर छोट्या घरातल्या विमानासाठी असतो. तो २५ अँपिअरच्या विमानाला जोडला तर कनेक्टरच वितळतो.

उड्डाणाचा वेळही याच हिशेबात निघतो. लिपो पूर्ण रिकामी करायची नसते. ८० टक्के वापरून थांबायचे. २.२ चे ८० टक्के म्हणजे १.७६ अँपिअर-तास. उडताना सतत पूर्ण वेग लागत नाही. सरासरी प्रवाह १३ अँपिअर धरला तर आठ मिनिटे मिळतात. रिमोटवरचा टायमर साडेसहा-सात मिनिटांवर लावावा. उरलेला वेळ उतरताना धावपट्टीवर कुत्रे आडवे आले आणि पुन्हा एक घिरटी घ्यावी लागली तर उपयोगी पडतो.

एक सेल जादा, नुकसान दुप्पट

नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक म्हणजे जास्त ताकदीच्या मोहाने ३ एसच्या जागी ४ एस घालणे. कनेक्टर तोच, बॅटरी डब्यात बसते, मग बिघडते कुठे? मोटरचा वेग व्होल्टेजवर ठरतो. प्रोपेलर तोच ठेवून व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढवले तर फेरेही साधारण तितकेच वाढू पाहतात. पण हवा कापायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शक्ती जवळपास २.४ पट आणि प्रवाह पावणेदोन पटींहून थोडा जास्त. २५ अँपिअर मागणारी मोटर आता ४४च्या आसपास मागू लागते. ३० अँपिअरचा ईएससी हवेतच जळतो. त्याच ईएससीतून रिसीव्हर आणि सर्व्होंनाही वीज मिळत असेल, तर विमान पूर्णपणे ताब्याबाहेर जाते. मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. सेल वाढवायचा असेल तर प्रोपेलर लहान घ्यावा आणि उडवण्याआधी वॅटमीटर लावून प्रत्यक्ष प्रवाह मोजावा.

दुसरी चूक क्षमतेची. २२०० ऐवजी ५००० एमएएच घातली की उड्डाणाचा वेळ दुपटीहून जास्त होईल, असे वाटते. पण मोठी बॅटरी सुमारे २०० ग्रॅमने जड असते. १.२ किलोचे विमान १.४ किलोचे होते. ज्या वेगाखाली पंखांची उचल संपते तो वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. विमान वेगात उतरवावे लागते आणि हवेत टिकायलाच जास्त वीज खर्च होते. त्यातून जड बॅटरीमुळे गुरुत्वमध्य सरकला तर शिकाऊ हाताला विमान सावरणे कठीण. उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेच्या आसपास राहावे आणि बॅटरी बदलल्यावर विमान दोन बोटांवर तोलून पाहिल्याशिवाय सोडू नये. जास्त वेळ उडवायचे असेल तर योग्य मापाच्या दोन बॅटऱ्या घेणे हा बरा मार्ग.

लेबल काहीही म्हणो, खरे कोण सांगते?

विश्रांती घेताना बहुतेकांची नाडी ठीकच लागते. हृदय कसे आहे ते जिना चढताना कळते. बॅटरीचेही तसेच आहे. नुसती ठेवलेली जुनी बॅटरीही १२.६ व्होल्ट दाखवेल. भार टाकल्यावर तिचे व्होल्टेज किती पडते, यावर तिची खरी प्रकृती कळते.

त्यासाठी ‘अंतर्गत रोध’ हा आकडा पाहावा. बरे चार्जर तो प्रत्येक सेलसाठी मिलिओहममध्ये दाखवतात. समजा, चांगल्या बॅटरीचा रोध सेलमागे ४ मिलिओहम आहे. २५ अँपिअर प्रवाहावर तीन सेलमध्ये मिळून ०.३ व्होल्ट पडतील आणि साडेसात वॅट उष्णता होईल. हाच रोध वाढून १२ झाला तर ०.९ व्होल्ट पडतील आणि साडेबावीस वॅट उष्णता बॅटरीच्या पोटातच तयार होईल. उड्डाणानंतर बॅटरी कोमट लागणे ठीक. हातात धरवत नसेल इतकी तापली असेल तर ती विमानाला कमी पडते आहे किंवा म्हातारी झाली आहे.

नवी बॅटरी आल्यावर तिच्यावर खरेदीची तारीख लिहावी, पहिल्या दिवशीचा रोध वहीत टिपावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावा. रक्तदाबाच्या नोंदीसारखेच हे आहे. एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे हे महत्त्वाचे. तीनपैकी एकाच सेलचा रोध वेगाने वाढत असेल तर ती बॅटरी लवकर बाद करावी. खरेदी करतानाही एक साधी खूण लक्षात ठेवता येते. जास्त प्रवाह देणाऱ्या बॅटरीत धातूचे थर जाड असतात, त्यामुळे ती थोडी जड असते. ‘१०० सी’ लिहिलेली बॅटरी २५ सीच्या बॅटरीइतकीच हलकी आणि स्वस्त असेल, तर शंका घ्यावी. आणि कितीही स्वस्त मिळाली तरी कोणाची वापरलेली लिपो घेऊ नये. तिचा इतिहास दिसत नाही.

चार्जिंग हीच खरी परीक्षा

लिपोला आग लागण्याचा धोका चार्जिंगच्या वेळी सर्वाधिक असतो, म्हणून बॅटरीइतकाच विचार चार्जरचा करावा. प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणारा ‘बॅलन्स’ चार्जरच घ्यावा आणि बॅटरीची बारीक पांढरी बॅलन्स तार दर वेळी जोडावी. चार्जरवर बॅटरीचा प्रकार लिपोच निवडला आहे आणि सेलची संख्या बरोबर आहे, हे दोनदा पाहावे. ‘एलआयएचव्ही’ नावाच्या वेगळ्या प्रकारच्या सेलना ४.३५ व्होल्टपर्यंत भरता येते. तो पर्याय चुकून निवडला तर साधी लिपो मर्यादेबाहेर भरली जाते. जादा भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटवर लिथियम धातू साचू लागतो, त्याचे सुईसारखे कण वाढतात आणि मधला पडदा टोचतात. याउलट व्होल्टेज फार खाली गेले तर आतल्या तांब्याच्या पत्र्याचे कण विरघळून नको तिथे जमतात. म्हणून सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये आणि शून्यावर गेलेली बॅटरी ‘जिवंत’ करण्याचे प्रयोग घरात करू नयेत.

चार्जिंगचा प्रवाह १ सी ठेवावा, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर. तासाभरात काम होते. घाई म्हणून दुप्पट प्रवाह देण्यात फायदा थोडा आणि झीज जास्त. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, तेव्हा तर चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री जेवणाआधी, घरातली मोठी माणसे जागी असताना करावे. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटऱ्या ठेवणे टाळावे.

दोन-तीन दिवसांत उडवायचे नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. चार्जरवर ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो. तो सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो. भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेली बॅटरी आतल्या आत झिजते आणि वायू तयार होऊन फुगते. पावसाळ्यात छंद बंद असताना बहुतेकांच्या बॅटऱ्या अशाच मरतात.

जागाही महत्त्वाची. गादी, सोफा, लाकडी कपाट, पडदे, गॅस सिलिंडर यांपासून दूर, फरशीवर, मातीच्या कुंडीत किंवा वाळू घातलेल्या लोखंडी डब्यात चार्जिंग करावे. डबा हवाबंद नको. वायूला वाट हवी. बाजारात मिळणाऱ्या अग्निरोधक पिशव्या ज्वाळा थोड्या आवरतात, धूर नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घराच्या एकमेव दारापाशी चार्जिंग करू नये. शहरांतल्या अनेक सदनिकांत बाल्कनीला लोखंडी जाळी असते. दारात आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट राहत नाही. रात्री चार्जिंगला लावून झोपणे किंवा घराला कुलूप लावून बाहेर जाणे, या दोन सवयी तर पूर्णपणे सोडाव्यात.

फुगलेली बॅटरी आणि नंतरची धावपळ

फुगलेली, चेपलेली, विमान आपटल्यावर कोपरा दुमडलेली किंवा गोडसर वास येणारी बॅटरी पुन्हा वापरू नये. ती टाचणीने टोचून हवा काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो थेट आगीला आमंत्रण देणारा आहे. विमान जोरात आपटले असेल तर बॅटरी वरून धडधाकट दिसली तरी ती काही वेळ घराबाहेर, मोकळ्या फरशीवर नजरेसमोर ठेवावी. इजा झालेला सेल कधी कधी बराच वेळ गेल्यावर पेटतो.

बॅटरीतून सीत्कार करत पांढरा धूर येऊ लागला तर तो साधा धूर नसतो, पेट घेणारी वाफ असते. ती हाताने उचलून धावू नये. शक्य असेल तर चार्जरची वीज मुख्य बटणापासून बंद करावी, घरातल्यांना बाहेर काढावे, खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. बॅटरी उघड्यावर असेल तर लांबूनच वाळू टाकावी. लिथियमवर पाणी टाकले की स्फोट होतो, अशी समजूत आहे. पण या बॅटरीत लिथियम मुख्यतः संयुगाच्या रूपात असतो, धातूच्या गोळ्यासारखा नाही. वीज बंद असेल तर भरपूर पाण्याने आजूबाजूच्या वस्तू आणि शेजारचे सेल थंड करण्याचाच फायदा होतो. मात्र धुरात थांबून हे काम करू नये.

कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन फ्लुओराइड हा दाहक वायू असू शकतो. बॅटरीतल्या फ्लोरिनयुक्त क्षाराचा उष्णता आणि ओलाव्याशी संबंध आला की तो तयार होतो. धूर छातीत गेल्यावर लगेच फार त्रास जाणवला नाही, तरी काही तासांनी फुप्फुसांना सूज येऊ शकते. खोकला, धाप, छातीत जळजळ किंवा डोळ्यांची आग होत असेल, विशेषतः दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना, तर रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना बॅटरीचा धूर गेला असल्याचे आवर्जून सांगावे. डोळ्यांत द्रावण उडाले तर निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवावेत आणि मग डॉक्टरांकडे जावे.

भाजलेल्या भागावर नळाचे साधे, थंड पाणी २० मिनिटे वाहू द्यावे. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते, जंतू शिरतात आणि रुग्णालयात ते खरवडून काढताना रुग्णाला दुप्पट वेदना होतात. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढावे. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैलसर झाकावे. चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, जखम रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसह तळहातापेक्षा मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल अथवा वृद्ध असेल तर घरी उपचार करत बसू नये. जखम लहान दिसते पण वेदना असह्य आहे, असे असेल तर फ्लुओराइडची शक्यता लक्षात घ्यावी लागते. त्यावर कॅल्शिअम ग्लुकोनेटचे जेल हा खास उपचार आहे. तो डॉक्टरांच्या हातूनच व्हावा. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ क्रमांक आहे.

आगीखेरीज आणखी दोन इजा

बॅटरीची दोन टोके धातूने जोडली गेली तर क्षणभर काही शे अँपिअर प्रवाह वाहू शकतो. तारा सोल्डर करताना बोटातली अंगठी दोन्ही टोकांना टेकली तर ती तत्काळ तापून बोटाभोवती वर्तुळाकार भाजते. कनेक्टर बदलताना दोन्ही तारा एकाच वेळी कापू नयेत आणि हातात दागिने नसावेत.

दुसरी इजा प्रोपेलरची. बॅटरी जोडली की विमान ‘जागे’ होते. १० इंची प्रोपेलर मिनिटाला ९००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटरच्या आसपास असतो. रिमोटची कांडी चुकून हलली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून घरात जोडणी तपासताना आधी प्रोपेलर काढावा, आधी रिमोट सुरू करावा आणि मगच बॅटरी जोडावी. मैदानावर बॅटरी जोडताना कोणीही प्रोपेलरच्या समोर किंवा रेषेत उभे राहू नये. बोट कापले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. बोटाचा तुकडा पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून रुग्णासोबत न्यावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो पुन्हा जोडण्यालायक राहत नाही.

प्रवास आणि शेवट

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला साधारणपणे अडचण येत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. आपली २४ वॅट-तासांची बॅटरी या मर्यादेत आरामात बसते. पण ६ एसची ५००० एमएएच बॅटरी १११ वॅट-तासांची भरते, हे स्पर्धेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तिकीट काढतानाच लक्षात घ्यावे.

बाद झालेली लिपो ओल्या कचऱ्यात, सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की तिथेच पेट घेऊ शकते आणि भाजतो तो सफाई कामगार. बॅटरी धडधाकट असेल तर चार्जरच्या डिस्चार्ज पर्यायाने किंवा १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब जोडून, उघड्यावर, नजरेखाली हळूहळू रिकामी करावी, टोकांना वेगवेगळी टेप लावावी आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. २०२२ पासून लागू असलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी घेताना दुकानदाराला ‘जुनी परत घेता का?’ असे विचारायला संकोच करू नये. हे विचारणारी गिऱ्हाइके वाढली की दुकानेही सोय करतात.

खरेदीला जाताना एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहून न्याव्यात. विमानाचे उडतानाचे वजन, मोटरसाठी सांगितलेली सेलची संख्या, पूर्ण वेगातला प्रवाह, बॅटरीच्या कप्प्याचे माप आणि कनेक्टरचा प्रकार. या पाचांची उत्तरे हातात असली की दुकानातला सर्वांत मोठा आकडा किंवा सर्वांत कमी किंमत भुरळ पाडत नाही. बॅटरीबरोबर चांगला बॅलन्स चार्जर आणि वाळूचा एक डबा यांचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढावेत. अंदाजपत्रकात ते बसत नसेल, तर विमान महिनाभर उशिरा घ्यावे.